खिडकीतलं ऊन

आम्ही राहतो त्या भागाचं नाव तांजोंग पगार. पुण्या-नाशकाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे नाव ऐकून हसू येतं आणि प्रत्येक जण तोच विनोद पहिल्यांदाच सुचल्यासारखा करतो : "म्हणजे पगारदारांची वस्ती म्हणायची!" खरं तर मलाय भाषेत पगार म्हणजे कुंपण आणि तांजोंग म्हणजे समुद्रात शिरलेलं भूशिर. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला. या दोघांची ओळखदेख नाही. पण विनोद अगदीच वाया जात नाही, कारण दुपारी एकच्या सुमाराला इथल्या रस्त्यांवर जी गर्दी लोटते ती सगळी पगारदारांचीच असते. त्या दुपारच्या एकबद्दल पुढे बोलायचंच आहे. आधी सासूबाईंच्या खुर्चीबद्दल सांगते.

आमचं घर बाविसाव्या मजल्यावर आहे. दिवाणखान्याला पूर्वेकडे मोठी काचेची खिडकी. सासूबाई नाशिकहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या खिडकीशी वेताची खुर्ची ओढून घेतली आणि रोज सकाळी आठ ते नऊ तिथे बसायचा नेम धरला. गुडघ्यांना तेल, हातात जपमाळ, पायांवर ऊन. "कोवळं ऊन हाडांना चांगलं असतं गं," त्या म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं. उतारवयात बाई घरकोंडी होऊ नये एवढीच माझी काळजी होती, ती खुर्चीने परस्पर मिटवली असं मी समजत होते.

अडीच वर्षं हा नेम चालला. मग हळूहळू त्यांना खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायला लागले. जिना चढवेना. मांड्या दुखतात, अंग जड वाटतं, अशा तक्रारी. आम्ही त्या वयाच्या खात्यावर टाकल्या. एका पहाटे न्हाणीघरात पाय घसरला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

प्लास्टर घातल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ड जीवनसत्त्व निघालं ९ नॅनोग्रॅम. मिलिलिटरमागे २०च्या खाली गेलं की कमतरता धरतात. डॉक्टरांनी विचारलं, "या उन्हात जातात का?" मी भाषांतर करायच्या आतच सासूबाईंना 'सन' शब्द कळला. त्यांनी अभिमानाने सांगितलं, "रोज एक तास. एक दिवस चुकत नाही." "कुठे?" "आमच्या खिडकीत." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "आणि आपण काय काम करता?"

वाचकहो, मी इमारतींच्या दर्शनी भागाच्या काचांची इंजिनियर आहे. कोणत्या काचेतून किती उजेड, किती उष्णता आणि किती अतिनील किरण आत येतात याचे तक्ते पाहण्याचाच मला पगार मिळतो. सतरा वर्षं ते तक्ते वाचत आले आणि घरात, त्याच काचेमागे, सासूबाईंना अडीच वर्षं बसवून ठेवलं. ती लाज थोडी ओसरल्यावर मी जे वाचलं, विचारलं आणि आमच्या घरापुरतं ठरवलं, ते या लेखात मांडते आहे. मी डॉक्टर नव्हे, हे ध्यानात ठेवून वाचावं.

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात. लांब लहरींचे 'अ' किरण ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे आणि आखूड लहरींचे 'ब' किरण २८० ते ३१५ नॅनोमीटरचे. पोचणाऱ्यांत सुमारे ९५ टक्के वाटा 'अ'चा असतो. 'ब' थोडे, पण फार तिखट. त्वचा भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळे, आणि ड जीवनसत्त्व तयार होतं तेही त्यांच्याचमुळे. कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो, त्यावर 'ब' किरण पडले की त्याचं रूप बदलतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंडं त्यावर आपापले संस्कार करतात आणि शेवटी जे तयार होतं ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषायला लावतं. 'अ' किरणांना हे काम जमत नाही. ते खोल शिरतात, सुरकुत्या पाडतात, डाग गडद करतात, आणि कर्करोगातही त्यांचा हात असतो.

आता काच. साधी काच 'ब' किरण जवळजवळ पूर्ण अडवते आणि 'अ' किरणांतले निम्म्याहून अधिक आत सोडते. म्हणजे खिडकीत बसणाऱ्याला उन्हातला फायदा मिळत नाही, आणि तोट्यातला मोठा भाग मात्र मिळतो. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर दाबून केलेली लॅमिनेटेड काच 'अ'सुद्धा जवळजवळ सगळे थोपवते. मोटारीची पुढची काच तशी असते, बाजूच्या बहुधा साध्या, फक्त कडक केलेल्या. २०१२ साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या मालट्रक चालकाचा फोटो छापला होता. २८ वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. तो फोटो एकदा पाहिला की विसरता येत नाही.

माझ्या घरच्या खिडकीची काच साधी होती. पण समजा सासूबाईंनी खिडकी उघडून बसायचं ठरवलं असतं, तरी सकाळी आठला त्यांच्या पदरात फारसं काही पडलं नसतं. याचं कारण सिंगापूरचं घड्याळ.

सिंगापूर आहे सुमारे १०४ रेखांशावर. सूर्याच्या हिशेबाने इथलं घड्याळ ग्रिनिचच्या पुढे सात तासांना पाच मिनिटं कमी असायला हवं. ते आहे आठ तास पुढे. १९८२च्या १ जानेवारीला मलेशियाबरोबर राहण्यासाठी इथली वेळ आणखी अर्धा तास पुढे सरकवली तेव्हापासून हे असं आहे. म्हणून इथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, दुपारी एकच्या आसपास. सकाळचे आठ म्हणजे सूर्याच्या लेखी सात. सूर्य जेमतेम तासाभरापूर्वी उगवलेला, त्याचे किरण तिरपे, वातावरणाच्या जाड थरातून येणारे. त्या वाटेत ओझोन 'ब' किरण गाळून टाकतो. कोवळं ऊन कोवळं वाटतं ते यामुळेच. ऊब मिळते, मन प्रसन्न होतं, तेल अंगात मुरतं. ड मात्र जवळपास नाही.

उलट टोक म्हणजे दुपारचा एक. विषुववृत्तापासून आपण जेमतेम सव्वा अंशावर. मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सूर्य बरोबर माथ्यावर असतो. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस म्हणून मुलं बाटल्या उभ्या करून बघतात, इथे बारा महिने दुपारी सावली पायाशी घुटमळत असते. इथली राष्ट्रीय पर्यावरण संस्था दिवसा तासातासाला अतिनील निर्देशांक जाहीर करते. निरभ्र दुपारी तो ११ किंवा त्याच्याही वर जातो, आणि ११पासून पुढच्याला 'अत्यंत तीव्र' म्हणतात. तांजोंग पगारच्या कचेऱ्या जेवणासाठी ओसंडून मॅक्सवेल फूड सेंटरकडे निघतात ती हीच वेळ. ढगांवर विसंबू नये. पातळ ढग उष्णता अडवतात, अतिनील किरण बरेचसे येऊ देतात. अंगाला चटका बसत नाही म्हणून ऊन सौम्य आहे असं मानणं हा इथला नेहमीचा घोटाळा, कारण चटका देणारे किरण वेगळे आणि कातडी जाळणारे वेगळे.

घड्याळ, निर्देशांक काही जवळ नसलं तरी सावली असतेच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन तिखट. सिंगापुरात हे साधारण सकाळी दहा ते दुपारी चार. सावली उंचीच्या दुपटीहून लांब असेल तर 'ब' किरण नगण्य. मधला जो पट्टा, सकाळी साडेनऊ-दहा आणि दुपारी चार-साडेचारच्या आसपासचा, तो आमच्या घराने आपलासा केला आहे.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता : "नाशकात जन्म काढला मी. इतकं ऊन असलेल्या गावात असं कुणाला होतं का?" प्रश्न रास्त होता, आणि उत्तर शोधताना मला जे सापडलं ते नेमकं नाशिकचंच निघालं.

१९२२ साली क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांचा मुडदुसावर लेख आला. पाहणी होती मुंबई इलाख्यातल्या नाशिक जिल्ह्यातली. त्या काळी मुडदूस हा अन्नाच्या दोषाने होतो की उजेडाच्या अभावाने, यावर युरोपात जोरदार वाद होता. १८९० मध्ये पाम नावाच्या इंग्रज डॉक्टरने जगभरची माहिती गोळा करून दाखवलं होतं की जिथे ऊन तिथे हा रोग विरळा. १९१९ मध्ये बर्लिनला हुल्डशिन्स्कीने अतिनील दिव्याखाली मुलं बरी करून दाखवली. आणि नाशकात काय दिसलं? दूधतूप खाणाऱ्या सुखवस्तू घरांत, जिथे बायका आणि तान्ही मुलं पडद्याआड असत, हिंदू आणि मुसलमान दोन्हींत, मुडदूस सापडला. ज्यांना धड पोटभर मिळत नव्हतं पण ज्यांच्या आया शेतात, रस्त्यावर उघड्यावर राबत, त्यांची मुलं त्यातून जवळपास सुटली होती. ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच होतं. घराची भिंत सारखी नव्हती.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या वाड्यात एक आत्याबाई होत्या. पाय धनुष्यासारखे. त्यांना नजर लागली होती म्हणायचे." मग बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलत राहिल्या : एक झरोका, शेगडीचा शेक, दाराला पडदा. सव्वा महिना. मी मनात आमचं बाविसाव्या मजल्यावरचं घर त्या खोलीशेजारी ठेवून पाहिलं. लिफ्टने तळघरात, तिथून मोटार, मोटारीतून मॉलच्या तळघरात, पुन्हा वर. वातानुकूलित, स्वच्छ, चकचकीत, आणि नाशिकच्या त्या वाड्याइतकंच बंद. इथल्या गरोदर स्त्रियांच्या पाहणीतही चिनी स्त्रियांपेक्षा मलाय आणि भारतीय स्त्रियांत ड कमी आढळलं आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन छत्रीसारखं काम करतं. तेवढंच ड बनवायला गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला कितीतरी जास्त वेळ ऊन लागतं. त्यात शाकाहार असला तर मासे, अंड्याचा बलक हा दुसरा दरवाजाही बंद.

याच मेलॅनिनची दुसरी बाजू मांडायलाच हवी. उन्हाबद्दलचे जे कडक इशारे आपण वाचतो ते बरेचसे ऑस्ट्रेलियातून आलेले आहेत. तिथे गोऱ्या कातडीच्या लोकांवर प्रखर ऊन पडतं आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत वरच्या रांगेत आहे. त्यांचा इशारा त्यांच्यासाठी सोळा आणे खरा. क्वीन्सलंडमधल्या नॅमबूर गावी रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत मेलॅनोमा जवळपास निम्म्यावर आला, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. पण सिंगापूरच्या कर्करोग नोंदीत भारतीयांमध्ये त्वचेचा कर्करोग चिनी लोकांपेक्षा बराच कमी आहे. शिवाय सावळ्या लोकांत मेलॅनोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा संबंध नसतो. गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये गेला तो पायाच्या बोटात सुरू झालेल्या अशाच मेलॅनोमाने. तेव्हा आपल्या मंडळींनी नाकाला क्रीम फासताना अधूनमधून तळपायही बघावेत. नवा, वाढणारा काळा डाग किंवा नखातली रुंदावणारी काळी रेघ दिसली तर लगेच दाखवावं.

मग आपल्याला उन्हापासून काही धोका नाही का? आहे, आणि त्याचा दाखला मी स्वतःच्या गालावर बाळगते. सहा वर्षं माझं टेबल एका जुन्या इमारतीत पश्चिमेच्या खिडकीशी होतं. डाव्या गालावर वांग आलं. वांगाला संप्रेरकं आणि आनुवंशिकताही कारण असते, पण ऊन त्याला खतपाणी घालतं. त्यातली मेख अशी की नुसत्या अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही सावळ्या कातडीवरचं वांग गडद होतं. म्हणून साधं सनस्क्रीन लावूनही माझा डाग हलेना. त्वचारोगतज्ज्ञांनी लोह-ऑक्साइड मिसळलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन दिलं आणि टेबल हलवायला सांगितलं. टेबल हलवल्याचा गुण जास्त आला असं माझं मत आहे.

वांगाचं दुःख करताना आपण गोरेपणाच्या दुकानात कधी शिरतो ते कळतही नाही, म्हणून दोन शब्द. गावाकडून 'गुणकारी' क्रीमच्या ट्यूबा मागवणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. अशा काही क्रीमांत तीव्र स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते आणि उन्हाला पूर्वीपेक्षा हळवी होते. माझ्या मुलीला तिच्या आजीने "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" असं म्हटलं, तेव्हा घरात पहिल्यांदा मी आवाज चढवला. पडेल काळी. हाडं तरी टणक राहतील.

या मुलीमुळेच मला उन्हाचा तिसरा हिशेब कळला, डोळ्यांचा. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला अडीचचा चष्मा आहे. २००८ मध्ये सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिडनीत लघुदृष्टी होती ३.३ टक्क्यांना, सिंगापुरात २९.१ टक्क्यांना. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर, सिंगापूरची फक्त तीन. बाहेरचा भरपूर उजेड नेत्रगोल लांबट होण्याला आवर घालतो असं दिसतं. आणि यातली दिलाशाची गोष्ट ही की त्यासाठी ऊन अंगावर घ्यावंच लागत नाही. खोलीत तीन-चारशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. म्हणजे डोळ्यांना हवी आहे सावली, पण उघड्यावरची.

अशी सावली करण्यात हे गाव जुनं तरबेज आहे. तांजोंग पगार रोड, नील रोड, डक्स्टन हिल इथल्या जुन्या दुकानघरांपुढे जी सलग पडवी दिसते तिला मलायमध्ये काकी लिमा म्हणतात, पाचफुटी. रॅफल्सने १८२२च्या नगररचनेतच आज्ञा केली होती की प्रत्येक घरापुढे विशिष्ट रुंदीची, सर्वांना खुली, सलग छपराची वाट असावी. आता मेट्रो स्थानकांपासूनच्या छपराच्या वाटा हे तिचंच नवं रूप. दुपारी एकला मी त्या पडवीतूनच जेवायला जाते. छत्री असतेच. नव्या आलेल्या भारतीय सहकाऱ्यांना उन्हात छत्री धरायची लाज वाटते, ती एका मार्च महिन्यात जाते.

सनस्क्रीनबद्दल थोडक्यात. बाटलीवरचा एसपीएफ आकडा मुख्यतः 'ब' किरणांचा. ३० म्हणजे सुमारे ९७ टक्के अडवणूक, ५० म्हणजे ९८. आकडा फुगला म्हणून संरक्षण तेवढं फुगत नाही. 'अ'साठी पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हं पाहावीत. ही पद्धत १९९६ मध्ये जपानात सुरू झाली. प्रयोगशाळेत ज्या जाडीचा थर लावून हे आकडे काढतात त्याच्या निम्मा थरही आपण लावत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ भरेल इतकं हवं, आणि घामाच्या या देशात दोन तासांनी पुन्हा. पोहायला जाणाऱ्या मुलांसाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा मला क्रीमपेक्षा भरवशाचा वाटतो, कारण तो पुसून जात नाही.

आणि गोळी. डॉक्टरांनी सासूबाईंना आठवड्याला एक अशी मोठ्या मात्रेची कॅप्सूल काही आठवडे दिली, मग रोजची लहान. उन्हाच्या ड जीवनसत्त्वाला शरीर स्वतःच लगाम घालतं. ठरावीक मर्यादेनंतर कातडीत बनलेलं जादा द्रव्य त्याच उन्हाने निकामी होतं. गोळीला असा लगाम नाही. भारतातून आणलेली ६०,०००ची पाकिटं आठवड्याऐवजी रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दुसरीकडे, धडधाकट माणसांनी सरसकट गोळ्या घेऊन हाडं मोडणं कमी होत नाही असं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २०२२ साली दिसलं, आणि निरोगी प्रौढांनी उगाच ड तपासत बसू नये असं तिथल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये सुचवलं. म्हणजे गोळी ज्याला कमी आहे त्याला. सासूबाईंना होती. माझ्या नवऱ्याने "मी पण घेतो एक" म्हटलं तेव्हा त्याला दुपारी चारला खाली चक्कर मारायला सांगितलं. वांग असलेल्या मला मात्र डॉक्टरांनी उलट सांगितलं : चेहरा झाका, हवं तर हातपाय उघडे ठेवा. ड बनवायला कातडी कुठलीही चालते, चेहराच हवा असं नाही. ही साधी गोष्ट मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळली.

आता वेताची खुर्ची खिडकीतून हलली आहे. काचेला मी ऑफिसातल्या ओळखीने 'अ' किरण अडवणारी फिल्म लावून घेतली. दुपारी सव्वाचारला सासूबाई कोपरापर्यंत बाह्या सारून, पायात कापडी बूट घालून डक्स्टन प्लेन पार्कमध्ये जातात. आधी वीस मिनिटं उन्हाच्या बाकावर, नंतर सावलीच्या. तिथे एक चिनी आजी त्यांना भेटते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. ती आजी सावलीच्या बाकावरून हलत नाही, उन्हात बसलेल्या सासूबाईंकडे बघून मान हलवते आणि आपली फुलांची छत्री पुढे करते. सासूबाई छत्रीला नको म्हणतात, घड्याळातला काटा दाखवतात आणि "अजून पाच मिनिटं" असं तिला मराठीत सांगतात.

मागच्या तपासणीत आकडा २८ आला. खुर्चीतून उठताना आता हात टेकावे लागत नाहीत. न्हाणीघरात आम्ही धरायला दांडी बसवली आहे. ती आधीच बसवायला हवी होती.